भिंतीकडच्या यारोचा रंग

मी, या कागदाच्या शेवटी सही करणार, वय सत्तरी ओलांडलेले, धंदा रंग जुळवण्याचा, आता निवृत्त, राहणार याच घराच्या तळमजल्यावर मागच्या खोलीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि राजीखुशीने आपल्यामागची व्यवस्था लावून ठेवत आहे. शरीर थकले आहे. बुद्धी शाबूत आहे, आणि तिची तपासणी डॉक्टरांनी आज सकाळीच केली. त्यांनी मला वार विचारला, मुलांची नावे विचारली आणि शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. मी विचारले, सातच का, आठ का नाहीत? डॉक्टर म्हणाले, "असं विचारताय म्हणजे तुम्ही ठणठणीत आहात." उत्तर मात्र त्यांनी दिले नाही. ते द्यायचे राहिले आहे, याची नोंद व्हावी.

दृष्टी शाबूत नाही. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे. समोर माणूस उभा राहिला तर मला त्याचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. कडेने जे दिसते त्यातूनही रंग उतरले आहेत आणि लाल सगळ्यात आधी गेला. म्हणून हे मी तोंडाने सांगत आहे आणि वकीलसाहेबांच्या कार्यालयातील बाई टाइप करत आहेत. सहीआधी त्या सगळे मला मोठ्याने वाचून दाखवतील. मधेच थांबून त्या विचारतात, "आजोबा, हेपण लिहायचं?" मी म्हणतो, लिहा, नको असेल ते वकीलसाहेब खोडतीलच. वकीलसाहेब पहिल्या दिवशी खोडायला लाल पेन घेऊन आले होते. ते काय काय उडवत आहेत हे मला दिसेना, म्हणून मी हरकत घेतली. आता ते निळे वापरतात.

यापूर्वी एक मृत्युपत्र मी केले होते, त्यात सगळे पत्नीच्या नावे होते. ती माझ्याआधी गेली. ते मृत्युपत्र रद्द समजावे. ते केले तेव्हा ती म्हणाली होती, "अहो, मला कशाला? मी काय तुमच्या मागे राहणार आहे?" मी हसण्यावारी नेले. तिला हे कसे ठाऊक होते, याचे मला आजही कोडे आहे.

कलम १. घर

हे घर, वरचा मजला, तळमजला आणि मागच्या आवारासह, माझी मुलगी आणि मुलगा या दोघांना समान हक्काने द्यावे. मुलगी थोरली, परगावी राहते. मुलगा वरच्या मजल्यावर राहतो, आणि तोच राहत राहील. मुलगी येईल तेव्हा माझी मागची खोली तिची. त्या खोलीच्या चार भिंती चार वेगवेगळ्या पांढऱ्या रंगांच्या आहेत. त्या एकाच रंगात रंगवू नयेत. पाहुण्यांना त्या एकच वाटतात. मुलगी सहा वर्षांची असताना दारात उभी राहून म्हणाली होती, "बाबा, ही भिंत थंड आहे." त्या दिवशी मला कळले की डोळा तिला माझा मिळाला आहे. तिने तो पुढे हिशेब तपासण्यात घालवला, पण तिचा संसार त्यावर चालतो, तेव्हा मी काही बोलत नाही.

कलम २. बँकेतील शिल्लक

जी असेल ती दोघांत निम्मी-निम्मी. यावर सांगण्यासारखे काही नाही.

कलम ३. हत्यारे

रंग ढवळायच्या पट्ट्या, काचेचे ड्रॉपर, पातळ लवचीक सुऱ्या आणि मूळ रंगांच्या बाटल्यांची लाकडी पेटी कोपऱ्यावरच्या रंगाच्या दुकानदाराला द्यावी. त्याच्याकडे रंग मिसळायचे कॉम्प्युटरचे मशीन आहे आणि गिऱ्हाईक ऐकेल अशा बेताने तो मला म्हणतो, "काका, मशीन चुकत नाही." पेटीबरोबर एक निरोप द्यावा. मशीन चुकत नाही हे मला मान्य आहे. मला फक्त एवढेच जाणून घ्यायचे आहे, की मशीनने जुळवलेला रंग गिऱ्हाईक परत घेऊन येते, तेव्हा चुकते कोण? तो बराच वेळ विचार करेल अशी आशा आहे. माणूस तसा वाईट नाही.

कलम ४. डोळे

माझे डोळे दान करावेत. मी डॉक्टरांना म्हटले, "हे कोण घेणार, चालत नाहीत ते." ते म्हणाले की खराब आहे तो मागचा पडदा, समोरची काच अगदी स्वच्छ आहे, आणि बसवतात ती काचच. ज्या कोणाला ती बसेल त्याच्यावर माझी सक्ती नाही. पण त्याने एकदा तरी भर उन्हात एखादे तांबडे फूल जवळ जाऊन बघावे. काचेला सवय आहे.

कलम ५. मागच्या भिंतीलगतचा वाफा

मागच्या आवारात दोन भाग आहेत. नळाकडचा भाग माझ्या पत्नीचा. तिथली माती काळी, भुसभुशीत, आणि तिचे गुलाब तिथे अजून आहेत. दुसरा भाग भिंतीलगतची पट्टी. घर बांधताना गवंड्यांनी उरलेला चुना, विटांचे तुकडे, खडी सगळे तिथेच ढकलले होते. निवृत्त झाल्यावर मी घरात फार लुडबुड करू लागलो, तेव्हा पत्नीने मला ती पट्टी दिली आणि म्हणाली, "इथे काय करायचं ते करा. माझ्या गुलाबांना हात लावायचा नाही."

तिथे काहीच उगवेना. मी रोपवाटिकेत गेलो आणि मालकाला म्हटले, "जिथे काही उगवत नाही तिथे लावायला काय आहे?"

"जागेला काय झालंय?"

"चुना आहे, खडी आहे, दिवसभर ऊन."

त्यांनी मला यारोची तीन रोपे दिली. ज्यांनी यारो पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. झाड गुडघ्याएवढे होते, पाने पिसासारखी बारीक कातरलेली, आणि उंच देठाच्या टोकाला अगदी बारीक फुलांचा असा दाट सपाट गुच्छ, की वरून हात फिरवला तर पालथ्या बशीवर फिरवल्यासारखे वाटते. एक लाल होते, एक पिवळे, एक पांढरे. मालक म्हणाले, "याचे लाड करायचे नाहीत."

मी लाड केले. पहिल्याच वर्षी पत्नीच्या ढिगातले खत चोरून घातले, सकाळ-संध्याकाळ पाणी घातले. झाडे कमरेएवढी झाली आणि फुलायच्या ऐन वेळी सगळी आडवी पडली. पत्नी कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "अहो, लोळतंय ते. जरा उपाशी ठेवा." उपाशी ठेवल्यावर ते ताठ उभे राहिले, ते आजपर्यंत. खाल्ल्याने पडते आणि उपासाने उभे राहते, हे मी माणसात पाहिले नव्हते. झाडात असे का व्हावे, हे मला कोणी नीट समजावून सांगितलेले नाही.

मला खरा धक्का दिला तो लाल यारोने. आमच्या धंद्यात उन्हाने रंग उडाला म्हणजे डबा परत आला, वर शिव्या. या लालाचा रंग उघडल्यापासून दोन-चार दिवसांत उतरायला लागतो. आधी लाल, मग विटकरी, मग गेरूसारखा, मग वाळक्या गवताचा. जुने गुच्छ आणि नवे गुच्छ एकाच झाडावर एकाच वेळी असतात, त्यामुळे एका झाडावर सगळे शेडकार्ड उघडून ठेवल्यासारखे दिसते. मी आयुष्यभर ज्याला खोट म्हणत आलो ती इतकी सुंदर असेल हे मला माहीत नव्हते. निवृत्तीनंतर माणसाला काही कळायचे राहिलेले नसते असे लोक म्हणतात. माझे बरेच राहिले होते.

आणखी एक. यारोचा गड्डा दर दोन-तीन वर्षांनी मधून मरतो. कडेने हिरवागार, मधे टक्कल. तेव्हा तो उकरायचा, मधला भाग फेकायचा आणि कडेचे तुकडे पुन्हा लावायचे. माझ्या डोळ्यांचे अगदी तेच झाले आहे. फरक इतकाच की डोळ्याच्या कडा उकरून दुसरीकडे लावता येत नाहीत.

आता मुलाबद्दल. त्याला या पट्टीवर फरशी घालून गाडी लावायची आहे. मागच्या महिन्यात त्याने टेप लावून मोजले. मी मागच्या खोलीत होतो. टेप परत गुंडाळताना जो आवाज होतो, तो मला ऐकू आला. तो वाईट हेतूने मोजत नव्हता. रस्त्यावर ठेवलेल्या गाडीचा आरसा लोकांनी दोनदा फोडला आहे. तो मला म्हणाला, "बाबा, चार झुडपांसाठी गाडी किती दिवस रस्त्यावर ठेवायची?" माझी हयात संपल्यावर पट्टीचे काय करायचे हे दोघा भावंडांनी ठरवावे. मात्र कलम ६ पूर्ण झाल्याशिवाय तिथे कुदळ लागता कामा नये.

कलम ६. भिंतीच्या भेगेतील रोप

हे कलम बाईंनी दोनदा टाइप केले आहे आणि वकीलसाहेबांनी दोनदा खोडले आहे. हे तिसऱ्यांदा.

पट्टीच्या शेवटी भिंतीच्या पायात एक भेग आहे. त्या भेगेत एक यारो आपोआप रुजले. मी लावलेले नाही. यारोचे बी पेरले तर ते आईबापांवर जात नाही, हे मला उशिरा कळले. आई बहुधा लाल, कारण ती वरच्या अंगाला आहे. बाप बहुधा पिवळे. हे लग्न मधमाश्यांनी जमवले, कोणाला विचारले नाही. गेल्या वर्षी त्याला नुसती पाने आली. या वर्षी कळ्या आल्या. कळ्या राखी-हिरव्या असतात, त्या काही सांगत नाहीत.

मी रोज सकाळी भिंतीला धरून तिथे जातो आणि बोटांनी चाचपतो. परवा गुच्छ उघडल्याचे बोटांना कळले. रंग बोटांना कळत नाही.

माझ्या आयुष्यात या घडीला मला एकच गोष्ट जाणून घ्यायची आहे, ती ही, की त्या फुलाचा रंग कोणता. दुसरे काही नाही. मी मुलाला विचारले. तो म्हणाला, "गुलाबीच की." मुलीला फोटो पाठवला. ती म्हणाली, "छान आहे बाबा, पीच म्हणतात तसा." टाइप करणाऱ्या बाईंना विचारले, त्या उठून बघून आल्या आणि म्हणाल्या, "माझ्या बहिणीची एक लिपस्टिक आहे तसा." डॉक्टर म्हणाले, "सुंदर." सुंदर हा रंग नाही. ही सगळी माझ्यावर माया करणारी माणसे आहेत आणि मायेने बघणाऱ्याला रंग कधीच नीट दिसत नाही. मुलगी सांगू शकली असती, पण फोटोतला रंग हा फोटोचा रंग असतो, आणि तिला यायला अजून आठवडा आहे. तोपर्यंत पहिला रंग उतरून जाईल. पुढच्या वर्षी मी असलोच, तर माझ्यात लाल रंगाची आठवण तरी उरली असेल का, याची डॉक्टर खात्री देत नाहीत.

ज्याच्या डोळ्यावर मी विश्वास ठेवीन असा एकच माणूस आहे, आणि त्याच्या मनात माझ्याविषयी मायेचा लवलेश नाही. ते माझे साडू, माझ्या पत्नीच्या धाकट्या बहिणीचे यजमान, आमच्याच रंगाच्या कारखान्यात तपासनीस होते. मी रंग जुळवायचो, ते पास किंवा नापास करायचे. ते कधी "छान" म्हणाले नाहीत. "एक थेंब काळा जास्त," असे म्हणायचे आणि निघून जायचे, आणि मी मोजून बघितले की एक थेंब काळा जास्तच असायचा.

म्हणून मी असे ठरवतो, की भेगेतील रोप आणि पट्टीतील सर्व यारो, मुळांसकट, साडूंना द्यावेत. अट एकच. रोपे नेण्याआधी त्यांनी ते फूल उघडल्यापासून पहिल्या चार दिवसांत बघावे आणि त्याचा रंग माझ्या मुलीसमोर मोठ्याने सांगावा.

इथे बाई थांबल्या. म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही गेल्यावर त्यांनी रंग सांगून तुम्हाला काय कळणार?"

मी म्हणालो, "निदान कोणाला तरी कळेल."

"मग आत्ताच का नाही बोलवत त्यांना?"

"मी बोलावणार नाही. मृत्युपत्रात बोलावणं वेगळं."

त्यांनी टाइप केले. पण मला वाटते शेजारच्या खोलीत माझा मुलगा होता.

कलम ७. साडूंशी बोलणे का बंद झाले

वकीलसाहेबांच्या मते या कलमाची गरज नाही. माझ्या मते आहे, कारण उद्या कोणीतरी विचारेल की ज्याच्याशी इतकी वर्षे अबोला होता त्याला रोपे कशी दिली.

एका हॉस्पिटलच्या बोळाला आमच्या कारखान्याचा हिरवा रंग लागला होता. अर्धी भिंत रंगवून डबे संपले. उरलेल्या अर्ध्या भिंतीसाठी तोच हिरवा पुन्हा जुळवायचा होता, पण एक मूळ रंग बाजारातून गेला होता, म्हणून मी तो दुसऱ्या वाटेने जुळवला. बोळात खिडकी नव्हती, दिवसरात्र दिवे. म्हणून मी दिव्याखाली जुळवला. साडू माझा नमुना घेऊन खिडकीत गेले आणि म्हणाले, "नापास." मी म्हणालो, बोळात खिडकी नाही. ते म्हणाले, "रंग रंगासारखा पाहिजे, बोळासारखा नाही." मॅनेजरने माझे ऐकले. भिंत रंगली, सांधा कुठे आहे हे कोणाला ओळखू आले नाही, आणि वर्षानुवर्षे सगळे सुरळीत होते.

मग हॉस्पिटलने त्या बोळात खिडकी पाडली.

ऊन आत आले आणि भिंतीचे दोन तुकडे झाले, अर्धा हिरवा आणि अर्धा निळसर. साडूंना हे कळले तेव्हा ते एकटे बघायला गेले नाहीत. सासूबाईंसकट सगळ्या नातेवाइकांना घेऊन गेले. आम्ही एका आजारी मामांना भेटायला निघालो आहोत, असे मला सांगण्यात आले होते. मामा दुसऱ्याच मजल्यावर होते. परत येताना मी सगळ्यांदेखत म्हणालो, "खिडकी पाडायला तुम्हीच सांगितलं असेल." ते म्हणाले, "खोट हातात असली की माणूस खिडकीला नावं ठेवतो." तिथून पुढे आमच्या दोघांच्या तोंडाला कुलूप. बहिणी-बहिणींचे येणेजाणे चालू राहिले. त्यांनी आमच्या भांडणाला कधी फार किंमत दिली नाही.

माझी पत्नी गेली त्या दिवशी साडू आले होते. मागच्या आवारात पट्टीसमोर बराच वेळ उभे होते. यारो फुलले होते. त्यांचे ओठ हलत होते, ते काहीतरी पुटपुटत होते. माझ्याशी न बोलता गेले. ते काय म्हणत होते हे मला तेव्हापासून जाणून घ्यायचे आहे.

एक प्रश्न मी इथे नोंदवून ठेवतो. एकच रंग दिव्याखाली एक असतो आणि उन्हात दुसरा. मग त्याचा स्वतःचा रंग कोणता? मी चाळीस वर्षे याच धंद्यात काढली आणि याचे उत्तर मला माहीत नाही. साडूंनाही नसावे. त्यांनी तसे कबूल करावे अशी माझी जुनी इच्छा आहे.

कलम ८. आज दुपारी, सहीपूर्वी वाढवलेले

आज सह्या व्हायच्या होत्या. साक्षीदार म्हणून डॉक्टर आणि औषधांच्या दुकानाचे मालक येऊन बसले होते. वकीलसाहेब कागद सारखे करत होते. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. पावले घराला वळसा घालून सरळ मागे गेली. मुलगा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बाबा, रागावू नका. मी मावशीला फोन केला होता."

मी भिंत धरून मागे गेलो. साडू रोपासमोर बसले होते, हे मला त्यांच्या गुडघ्यांच्या आवाजावरून कळले. इतक्या वर्षांनी ते माझ्याशी पहिले वाक्य बोलले ते असे: "इथं ऊन कुठून येतं?"

मी म्हणालो, "डोक्यावरून. या वेळेला सरळ."

त्यांनी खिशातून काहीतरी काढले. मुलाने सांगितले, करडा पुठ्ठा आहे, मधे छोटे चौकोनी भोक पाडलेला. मला सांगायची गरज नव्हती. आजूबाजूचा हिरवा डोळ्यात येऊ नये म्हणून तपासनीस असा पुठ्ठा वापरतात. निवृत्त होऊन इतकी वर्षे झाली, तरी त्यांनी तो जपून ठेवला होता.

आता मला एक सांगितले पाहिजे, जे मी आतापर्यंत कोणाला सांगितले नव्हते. फूल उघडले त्या दिवशी मी पेटी काढून एक नमुना तयार केला होता. दिसत नव्हते. थेंब मोजून केला, हाताच्या सवयीने. आईचा लाल, बापाचा पिवळा, आणि फूल कोवळे म्हणून जरा पांढरा. रंग ढवळायच्या एका पट्टीवर लावून वाळवला. तो रंग माझ्या मनात अगदी स्वच्छ आहे, कारण तो मी मनानेच पाहिला होता. ती पट्टी मी त्यांच्या हातात दिली.

"हे कुणी केलं?"

"मी."

"बघून?"

"नाही. अंदाजानं."

पुठ्ठा फुलावर, मग पट्टीवर, मग पुन्हा फुलावर, असा सरकल्याचा आवाज येत होता. मग म्हणाले, "नापास."

मुलगा म्हणाला, "काका, अहो..." त्याला वाईट वाटले. मला वाटले नाही. मी विचारले, "कितीनं?"

"पांढरा फार झालाय. दोन थेंब काढा. पिवळा अर्धा थेंब वाढवा. आणि प्रत्येक बारक्या फुलाच्या मधे टिपका आहे, तो फिका पिवळा, ताज्या सायीसारखा. काळा अजिबात नाही. कुठेच नाही."

मी डोळे मिटले. माझ्या नमुन्यातून दोन थेंब पांढरा काढला. अर्धा थेंब पिवळा घातला. ढवळले. आणि ते फूल मला दिसले. भाजलेल्या कौलावर सकाळचे ऊन पडावे असा तांबडा, आणि त्यावर सायीचे बारीक टिपके. अंदाजे नाही, गुलाबीच की नाही, सुंदर नाही. तोच रंग. मला तिथे उभ्या उभ्या रडू आले आणि मी ते लपवले नाही.

साडू म्हणाले, "थांबा, अर्धंच झालंय. दिव्याखाली बघायचं राहिलंय."

फूल कापायला ते तयार नव्हते. म्हणून मुलाने वरून जाड चादर आणि हातात धरायचा दिवा आणला, आणि आम्ही दोघे म्हातारे भर दुपारी त्या चादरीखाली रोपासमोर बसलो. आत कोंदट होते आणि यारोच्या पानांचा कडवट वास भरला होता. त्यांनी पट्टी धरली.

मग हळूच म्हणाले, "इथे जुळतं."

"काय म्हणालात?"

"दिव्याखाली जुळतं. उन्हात नाही."

मी म्हणालो, "मग त्या बोळातही जुळत होतं."

"बोळात जुळतच होतं. मी कधी नाही म्हटलं? मी खिडकीत नाही म्हटलं."

चादरीबाहेर वकीलसाहेब खाकरत होते. आत मी साडूंना विचारले, की माझी बायको गेली त्या दिवशी इथे उभे राहून काय पुटपुटत होतात?

"तुमचा तो लाल यारो. किती पायऱ्यांनी उतरतो ते मोजत होतो. मधेच चुकलो. पुन्हा विचारायला यायचं मनात होतं."

मी म्हणालो, "मग आला का नाहीत?"

"बोलावलं कुठं?"

कलम ९. कलम ६ मधील बदल

बाहेर आल्यावर साडू वकीलसाहेबांना म्हणाले, "साक्षीदार म्हणून मी सही करतो."

वकीलसाहेबांनी त्यांना समजावले, की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, झाल्यास त्याला ते मिळत नाही, आणि कलम ६ प्रमाणे सगळे यारो त्यांना मिळत आहेत.

साडू म्हणाले, "मग ते काढून टाका. पास-नापास करणाऱ्यानं माल घरी न्यायचा नसतो. उद्या कोणी म्हणेल, रोपं मिळाली म्हणून रंग चांगला सांगितला."

मी म्हणालो, "चांगला कुठं सांगितलात? नापास केलंत."

"तरीसुद्धा."

साक्षीदाराची जागा साडूंनी घेतली, तसे औषधांच्या दुकानाचे मालक खूश होऊन दुकान उघडायला गेले. कलम ६ मधील रोपे साडूंना देण्याचा भाग निळ्या पेनाने खोडला आहे आणि बाजूला माझी सही आहे. त्याऐवजी असे वाचावे, की भेगेतील रोप जिथे आहे तिथेच राहील. दरवर्षी ते फुलले की साडूंना निरोप पाठवावा, फाटक उघडे ठेवावे आणि त्यांनी सांगितलेला रंग घरातल्या सगळ्यांनी ऐकावा. मी असेन तर मीही ऐकेन. कुदळीचा विषय यात आपोआप मिटतो असे वकीलसाहेबांचे मत आहे. मुलाला मी विचारले, गाडीचे काय? तो म्हणाला, "आरसा मिटवून ठेवत जाईन, बाबा." मग तो साडूंकडे वळला असावा, कारण आवाज लांब गेला. "काका, लाल यारोच्या पायऱ्या मोजायला कधी येताय?"

हे सर्व बाईंनी मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवले. कलम ८ वाचताना त्या दोनदा थांबल्या, पण काही गाळले नाही, असे त्या म्हणतात आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे. यातील प्रत्येक शब्द माझा आहे, ज्यांची बोलणी आहेत त्यांची सोडून. समजून-उमजून, उन्हात बसून, दोघा साक्षीदारांच्या समोर सही करत आहे.

स्थळ: राहते घर, मागचे आवार, भिंतीलगत.
दिनांक: वकीलसाहेबांच्या शिक्क्यात आहे तीच, फूल उघडल्याचा तिसरा दिवस.

मृत्युपत्र करणार: (सही) रंग जुळवणारा, निवृत्त
ओळ सोडून सही खाली गेली आहे, ती माझीच आहे.

साक्षीदार पहिला: (सही) कुटुंबाचे डॉक्टर
मृत्युपत्र करणाऱ्याची बुद्धी शाबूत असल्याची मी खात्री केली आहे. सातच का, हे मला माहीत नाही. विचारून सांगतो.

साक्षीदार दुसरा: (सही) तपासनीस, निवृत्त, मृत्युपत्र करणाऱ्याचा साडू
सही माझ्यासमोर झाली. नमुना उन्हात नापास. नमुना दिव्याखाली पास. फूल दोन्हीकडे पास. रंगाचा स्वतःचा रंग कोणता, मलाही माहीत नाही.